पोटातले बाळ टॅक्स रिटर्नमध्ये धरता येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 2022 पासून गरोदर स्त्रीच्या पोटातले बाळ राज्याच्या आयकरात 'डिपेंडंट', म्हणजे अवलंबित, म्हणून दाखवता येते. अटलांटाच्या आसपास अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न फॉर्म भरताना पडतो. भारतात बसून बातम्या वाचणाऱ्यांना पडणारा प्रश्न वेगळा असतो: कराच्या फॉर्मचा आणि गर्भपाताच्या वादाचा काय संबंध? खाली दोघांच्याही प्रश्नांची उत्तरे आहेत. काही ठिकाणी आमचे मत आहे आणि ते मत म्हणूनच मांडले आहे.

ही तरतूद आली कुठून?

जॉर्जियाच्या 2019 च्या गर्भपातविरोधी कायद्यातून. विधेयक क्रमांक 481, 'लाइफ अॅक्ट' किंवा बोलीभाषेत 'हार्टबीट कायदा'. गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी 7 मे 2019 रोजी त्यावर सही केली. गर्भाच्या हृदयाची हालचाल टिपता आली की, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यापासून, गर्भपाताला बंदी हा या कायद्याचा गाभा. आईच्या जिवावर बेतले असेल, गर्भ जगण्याची शक्यताच नसेल, किंवा बलात्कार वा नात्यातल्या अत्याचारातून दिवस गेले असतील तर अपवाद आहेत. यातल्या शेवटच्या अपवादाला पोलिसांतली तक्रार आणि वीस आठवड्यांची मर्यादा लागते.

बातम्यांत बंदीचीच चर्चा झाली. पण याच कायद्याने आणखी एक मोठे काम केले. 'नैसर्गिक व्यक्ती' या शब्दाच्या व्याख्येत त्याने पोटातल्या बाळाला बसवले. एकदा व्याख्या बदलली की तिच्यावर उभी असलेली बाकीची कलमेही हलतात. लोकसंख्येवर आधारित काही मोजण्यांत गर्भ धरायचा, गरोदरपणाच्या वैद्यकीय खर्चापुरती बापाकडून पोटगी मागता येईल, आणि आयकरात गर्भ हा अवलंबित, हे सगळे त्यातून आले.

कायदा लगेच लागू झाला नाही. 2019 मध्येच फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयाने तो तात्पुरता रोखला आणि 2020 मध्ये कायमचा. 24 जून 2022 रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'डॉब्ज' खटल्यात 1973 चा 'रो विरुद्ध वेड' हा देशभर गर्भपाताचा हक्क देणारा निकाल मोडीत काढला आणि 20 जुलैला अपील न्यायालयाने जॉर्जियाच्या कायद्याचा रस्ता मोकळा केला. 1 ऑगस्टला राज्याच्या महसूल खात्याने जाहीर केले की त्या वर्षीच्या विवरणात पोटातले बाळ धरता येईल. त्यानंतर राज्याच्या न्यायालयांत कायदा दोनदा रद्द ठरला, आणि दोन्ही वेळा जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देऊन तो पुन्हा चालू केला.

यातून नक्की किती पैसे वाचतात?

सुरुवातीला दर बाळामागे 3,000 डॉलरची वजावट होती, 2024 च्या कर वर्षापासून ती 4,000 डॉलर झाली. मात्र ही रक्कम हातात मिळत नाही, ती करपात्र उत्पन्नातून वजा होते. 2022 मध्ये राज्याचा सर्वांत वरचा दर 5.75 टक्के होता, म्हणजे प्रत्यक्ष बचत 172 डॉलर 50 सेंट. 2024 मध्ये दर 5.39 टक्के, म्हणून बचत सुमारे 216 डॉलर.

अमेरिकेत बाळंतपणाच्या बिलापुढे ही रक्कम काहीच नाही. शिवाय जिचे उत्पन्न इतके कमी की राज्याचा कर मुळात लागतच नाही, तिला यातून एक छदामही मिळत नाही. जिला सर्वांत जास्त गरज तिच्या वाट्याला शून्य, आणि जिची दोन पगारांची घरची बैठक पक्की तिला दोनशे डॉलर. या तरतुदीला आमचा पहिला आक्षेप हा आहे आणि गर्भपाताबद्दल कोणाचे मत काहीही असले तरी तो लागू पडतो.

जुळे असेल तर? आणि बाळ त्याच वर्षी जन्मले तर?

जुळ्यांना दोन वजावटी. गर्भधारणा आणि जन्म एकाच कॅलेंडर वर्षात झाले तर बाळ एकदाच धरायचे, आधी गर्भ म्हणून आणि मग मूल म्हणून असे दोनदा नाही. समजा 2024 च्या सप्टेंबरात गर्भाचे ठोके मिळाले आणि 2025 च्या मार्चमध्ये बाळ जन्मले, तर 2024 च्या विवरणात पोटातले बाळ आणि 2025 मध्ये जन्मलेले बाळ, असा दोन्ही वर्षी लाभ मिळतो. नवरा-बायको वेगवेगळे विवरण भरत असतील किंवा आईवडील विवाहित नसतील, तर एकच बाळ दोघांच्या फॉर्मवर येणार नाही याची काळजी घ्या.

पुरावा काय द्यायचा? पोटातल्या बाळाला सोशल सिक्युरिटी नंबर कुठून आणणार?

हा सरकारी ओळख क्रमांक इथे लागत नाही. फॉर्म भरताना सोनोग्राफीचा कागदही जोडायचा नसतो. पण खात्याने मागितले तर वैद्यकीय नोंदी किंवा इतर कागद दाखवावे लागतील, हे त्यांनी पहिल्याच घोषणेत सांगून ठेवले आहे. म्हणून ठोके नोंदवलेला तारखेसह अहवाल जपून ठेवा.

ही अट वाचायला साधी वाटते, पण ती आम्हाला अस्वस्थ करते. ज्या राज्यात सहा आठवड्यांनंतर गर्भपात हा गुन्हा आहे, त्याच राज्याच्या कर खात्याला स्त्री स्वतः लिहून देते की मला अमुक वर्षी दिवस गेले होते. पुढच्या वर्षी त्या बाळाचे नाव विवरणात नसेल तर? कर खात्याने अशा नोंदी पोलिसांकडे दिल्याचे आमच्या वाचनात नाही. तरीही ज्या बाईचे बाळ राहिले नाही तिला फॉर्मपुढे बसून ही भीती वाटावी, हेच आम्हाला गैर वाटते.

बाळ मध्येच गेले तर वजावट मिळते का?

महसूल खात्याच्या घोषणेतली अट अशी: त्या कालावधीत केव्हाही टिपता येण्याजोगे ठोके असलेले बाळ पोटात असणे. बाळ पुढे जिवंत जन्मले पाहिजे असे तीत नाही. त्यामुळे ठोके मिळाल्यावर गर्भ आपोआप पडला तरी त्या वर्षाची वजावट घेता येते, कागद मात्र हवेत. यातून जात असलेल्या जोडप्याला आमचा सल्ला एवढाच की फॉर्मची घाई करू नका. सुधारित विवरण नंतरही भरता येते.

फेडरल रिटर्नमध्येही असेच धरायचे का?

नाही. ही चूक सर्वांत जास्त होते, म्हणून जरा विस्ताराने.

अमेरिकेच्या केंद्रीय आयकरात मूल जिवंत जन्मल्यावरच धरले जाते. क्षणभर जरी जगले तरी ते त्या संपूर्ण वर्षासाठी अवलंबित ठरते. मृत जन्मले तर ठरत नाही. जन्मून लगेच गेलेल्या बाळाला सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला नसेल, तर नंबराच्या रकान्यात 'डाइड' लिहून जन्मदाखल्याची प्रत जोडायची सोय आहे. कोरड्या करनियमांत एवढी एक माणुसकीची जागा कोणीतरी ठेवली आहे.

पोटातल्या बाळाची वजावट मागणारे लोक 2022 च्या फार आधीपासून आहेत. 1940 मध्ये तेव्हाच्या कर अपील मंडळाने अशी मागणी फेटाळली. 1994 मध्ये दावे न्यायालयापुढे एक जोडपे आले. आदल्या वर्षी पोटात आणि पुढच्या वर्षी जन्मलेल्या बाळासाठी त्यांनी आदल्या वर्षीची सूट मागितली होती. न्यायालय म्हणाले, संसदेने तसे लिहिलेले नाही. त्या निकालाला 'रो' खटल्याचाही आधार होता, पण मुख्य आधार करकायद्याच्या शब्दांचा. म्हणूनच 'रो' गेल्यावरही फेडरल कर आपोआप बदलला नाही आणि बदलणारही नाही. त्यासाठी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नवा कायदा करावा लागेल.

दुसरे असे की 2018 पासून केंद्रीय करातली माणशी सूट शून्यावर आणली आहे. आता खरा पैसा चाइल्ड टॅक्स क्रेडिटमध्ये, म्हणजे उत्पन्नातून नव्हे तर थेट करातूनच वजा होणाऱ्या सवलतीत, आहे, 2025 च्या वर्षासाठी मुलामागे 2,200 डॉलरपर्यंत, आणि त्याला मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतोच. नंबरांबाबत केंद्रीय कर खाते कडक आहे त्यालाही कारण आहे. 1987 च्या विवरणांत पाच वर्षांवरच्या अवलंबितांचे नंबर पहिल्यांदा मागितले आणि देशभरातली सुमारे 70 लाख 'मुले' एका वर्षात कागदावरून नाहीशी झाली.

मग 31 डिसेंबरला जन्मलेल्या बाळाला वर्षभराचा लाभ आणि 1 जानेवारीच्या बाळाला काहीच नाही?

बरोबर, असेच आहे. 1999 मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की कराचा लाभ जितका मोठा, तितकी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्म होण्याची शक्यता जास्त. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम त्यामानाने लहान दिसला. पण जन्म ही कायद्याने आखलेली रेषा आहे आणि लोक तिच्याकडे बघून वागतात, एवढे त्यातून कळते.

मृत जन्मलेल्या बाळासाठी कुठे काही आहे का?

काही राज्यांत आहे. मिनेसोटात अशा पालकांना 2,000 डॉलरचे क्रेडिट मिळते. मिझुरी आणि अॅरिझोनातही त्या वर्षापुरती सवलत आहे. मिनेसोटात गर्भपात कायदेशीर आहे, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. शोकात असलेल्या आईबापांना हात देण्यासाठी त्या राज्याला गर्भपाताचा हक्क काढून घ्यावा लागला नाही.

गर्भपातविरोधकांची बाजू नेमकी काय आहे?

ती ऐकून घेण्यासारखी आहे. त्यांचे म्हणणे असे की आयुष्य गर्भधारणेपासून सुरू होते असे मानत असू, तर ते फक्त आईला अडवण्यापुरते मानणे अप्रामाणिक आहे. खर्चही तेव्हापासूनच सुरू होतो: औषधे, तपासण्या, बुडालेली मजुरी. मग करातली सूट आणि बापाची जबाबदारीही तेव्हापासूनच हवी. 'बंदी घालता, पण मदत करत नाही' असे वर्षानुवर्षे ऐकून घेतलेल्या चळवळीने दिलेले हे उत्तर आहे आणि त्यात सच्चेपणा आहे.

आमचा मतभेद पुढच्या पायरीवर आहे. करातल्या दोनशे डॉलरने सच्चेपणा सिद्ध होत नाही. मातामृत्यूंबाबत अमेरिकेतल्या वाईट राज्यांत जॉर्जियाचे नाव येते, आणि गरिबांच्या मेडिकेड विम्याचा पूर्ण विस्तार त्या राज्याने अजून केलेला नाही. 2022 मध्ये बाळंतपणानंतरचे मेडिकेड एक वर्षापर्यंत वाढवले गेले, ते चांगले झाले. वजावटीच्या बातमीपेक्षा ही बातमी मोठी व्हायला हवी होती.

दोनशे डॉलरसाठी एवढा वाद कशाला?

वाद रकमेवर नाही. 'व्यक्ती' हा कायद्यातला सर्वांत वजनदार शब्द आहे. करात तो कुणाला इजा न करता आत येतो, कारण सूट कोणाला नको असते? पण तीच व्याख्या पुढे फौजदारी खटल्यात, घटस्फोटात, दवाखान्याच्या वकिलाच्या टेबलावर उघडली जाते. हे पूर्वीही करून पाहिले गेले आहे. 2017 च्या मोठ्या करविधेयकाच्या प्रतिनिधिगृहातल्या मसुद्यात पोटातल्या बाळाच्या नावाने शिक्षणाचे '529' बचत खाते उघडण्याची तरतूद होती. व्यवहारात तिची गरज नव्हती, कारण आईबाप स्वतःच्या नावाने खाते उघडून नंतर नाव बदलू शकतात. गरज होती ती व्याख्येची: 'विकासाच्या कोणत्याही टप्प्यावरचा, गर्भाशयात असलेला मानव'. अंतिम कायद्यातून ती गळाली. जवळजवळ त्याच शब्दांची व्याख्या जॉर्जियाच्या कायद्यात दीड वर्षात आली.

गर्भाला व्यक्ती न ठरवता गरोदरपणात मदत देता येते का?

येते. ती द्यावी, आणि सढळ हाताने द्यावी, असे आमचे ठाम मत आहे.

युटा राज्याने 2023 मध्ये सोपी वाट काढली: ज्या वर्षी बाळ जन्मले त्या वर्षी त्याची सूट दुप्पट. गरोदरपणाचा खर्च धरला गेला आणि मोजणी मात्र जन्मानंतरच. तेव्हाचे सिनेटर मिट रॉम्नी यांच्या 2022 च्या योजनेत गरोदरपणाच्या शेवटच्या चार महिन्यांत दरमहा 700 डॉलर रोख द्यायचे होते. ती संमत झाली नाही. आपल्याकडची प्रधानमंत्री मातृवंदना योजना पाहा. पहिल्या खेपेला 5,000 रुपये, त्यातला पहिला हप्ता गरोदरपणातच, नोंदणी आणि तपासणी झाली की. रक्कम थोडी आहे, ती मिळायला आशाताईंना आणि त्या बाईला अनेकदा हेलपाटे पडतात, पण पैसे आईच्या खात्यात जातात आणि कर भरत नसलेल्या बाईलाही मिळतात. त्यासाठी गर्भ ही व्यक्ती आहे की नाही हे कोणी ठरवत बसले नाही.

याच्या उलटे उदाहरणही आहे आणि ते लपवणे बरे नाही. 2002 मध्ये जॉर्ज बुश यांच्या सरकारने मुलांच्या आरोग्यविम्याचा नियम बदलून 'मूल' या शब्दात गर्भ घालण्याची राज्यांना मुभा दिली. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या संघटनांनी तेव्हा टीका केली. पण कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरित बायकांना त्याच वाटेने गरोदरपणातले उपचार मिळू लागले, आणि कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स ही गर्भपाताच्या हक्काची राज्येही ती वाट वापरतात. बाईला बाई म्हणून विमा देण्याचे राजकीय बळ नाही म्हणून तिच्या पोटातल्या गर्भाला विमा द्यायचा, अशी ती तडजोड आहे. उपचार मिळाले, ते मोलाचेच. पण बाईचा हक्क तिच्या गर्भामार्फत यावा, हे आम्हाला पटत नाही.

जॉर्जियाच्या मागे आणखी कोणी गेले का?

कॅन्ससने. तिथे 2 ऑगस्ट 2022 रोजी मतदारांनी राज्यघटनेतला गर्भपाताचा हक्क काढण्याचा प्रस्ताव सुमारे 59 टक्क्यांनी फेटाळला होता. तरी 2025 मध्ये विधिमंडळाने गव्हर्नर लॉरा केली यांचा नकाराधिकार मोडून गर्भासाठी पोटगी आणि आयकरातल्या सवलतीचा कायदा केला. थेट मतदानात जे मिळाले नाही ते व्याख्येच्या वाटेने मागितले जाते, असे म्हणायला हे उदाहरण पुरेसे आहे.

आयव्हीएफमधले गोठवलेले भ्रूण धरता येतात का?

जॉर्जियात नाही, कारण तिथल्या व्याख्येत 'गर्भाशयात असलेला' असे शब्द आहेत. शेजारच्या अलाबामात फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1872 च्या एका कायद्याखाली प्रयोगशाळेतल्या भ्रूणांनाही मूल म्हटले, पण तो भरपाईचा दावा होता, कराचा नव्हता. त्या निकालाने तिथली आयव्हीएफ केंद्रे काही दिवस थांबली आणि मार्चमध्ये विधिमंडळाला घाईने संरक्षण द्यावे लागले.

भारतात पोटातल्या बाळाला करात काही स्थान आहे का?

आपल्या आयकरात मुलामागे सरसकट सूट नाही, म्हणून हा प्रश्न त्या रूपात येत नाही. पण वेगळ्या दाराने तो येऊन गेला आहे. हिंदू कायद्यात गर्भातल्या अपत्याला जुन्या काळापासून स्थान आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 20 प्रमाणे, मृत्यूच्या वेळी गर्भात असलेले मूल पुढे जिवंत जन्मले तर ते आधीच जन्मल्यासारखे वारस ठरते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही न जन्मलेल्या व्यक्तीच्या लाभासाठी मालमत्ता ठेवता येते.

याच धाग्याने मद्रासकडच्या एका करदात्याने दावा केला: मुलगा गर्भात आला त्या दिवसापासून आमचे हिंदू अविभक्त कुटुंब झाले, तेव्हा तिथून पुढचे उत्पन्न माझे एकट्याचे धरू नका. 1966 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने ते मानले नाही. गर्भस्थ मुलाला जन्मलेल्यासारखे मानण्याचा नियम मालमत्तेतल्या त्याच्या हक्काच्या रक्षणासाठी आहे, बापाचा कर वाचवण्यासाठी नाही. कुटुंब जन्माच्या दिवसापासून. अमेरिकेत पुढे जे भांडण पेटले त्याचे आपल्याकडचे उत्तर त्या निकालात आहे: गर्भाचे हित जपा, पण त्याच्या नावावर दुसऱ्याने लाभ घेऊ नये. आम्हाला हा निकाल शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडच्या गर्भलिंगनिदान बंदीचा आधार हाच का?

नाही. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला आणि 1994 मध्ये केंद्राचा आला, तो मुलींना वगळण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध. बंदी लिंग पाहण्यावर आहे. 1971 च्या कायद्याखालचा सुरक्षित गर्भपात वेगळा. 2021 च्या दुरुस्तीनंतर तो वीस आठवड्यांपर्यंत आणि काही स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत करता येतो. दोन्हींची गल्लत झाली की गरजू बाईला दवाखान्यातून परत पाठवले जाते.

मी जॉर्जियात एच-1बी व्हिसावर आहे आणि बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणार आहे. काय लक्षात ठेवू?

बाळ भारतात जन्मले आणि ते अमेरिकी नागरिक नसेल, तर ते अमेरिकेत राहायला येईपर्यंत फेडरल विवरणात अवलंबित ठरत नाही. अमेरिकेत आल्यावर सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आधी आयटीआयएन, म्हणजे फक्त करासाठीचा ओळख क्रमांक, काढावा लागतो, आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळत नाही. त्याऐवजी इतर अवलंबितांसाठीचे 500 डॉलरचे क्रेडिट मिळू शकते. जॉर्जियाची गर्भासाठीची वजावट फक्त राज्याच्या फॉर्मवर भरायची असते. निघण्यापूर्वी जॉर्जियातल्या डॉक्टरकडून ठोक्यांची नोंद असलेला अहवाल घेऊन ठेवा आणि मुलाच्या जन्मवर्षाचे विवरण भरण्याआधी सीपीएला, म्हणजे तुमच्या हिशेब तपासनिसाला, त्याचे नागरिकत्व आणि तो कुठे राहतो, हे दोन्ही सांगा.